काचेवर कुंकू नको म्हणून

माझा धंदा चष्म्याचा. सांगलीत दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. आता नंबर काढायला मशीन आलंय, त्यात हनुवटी टेकवली की आकडा बाहेर पडतो, पण नुसत्या त्या आकड्यावर कुणी शहाणा चष्मा करून देत नाही. शेवटी माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यांवर चाचणीची जड फ्रेम चढवायची, एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं आणि विचारायचं, "हे स्पष्ट दिसतं का ते?" समोरचा सांगेल ते खरं. त्याच्या डोळ्यामागे जाऊन बघायची सोय नाही. हा धंदा लोकांच्या शब्दावर चालतो आणि तो शब्द मी कधी उलटून तपासला नव्हता.

दादाचा तर नाहीच नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आमचं गाव कराड आणि इस्लामपूरच्या मधलं, उसाचं. दादा फौजेत होता आणि नोकरीची शेवटची वर्षं त्यानं नव्या पोरांना फायरिंग शिकवण्यात काढली. मी लहान असताना तो सुट्टीवर आला की मला जत्रेत न्यायचा. फुगे फोडायच्या बंदुकीनं आधी स्वतः एक छर्रा मारायचा आणि मग बंदूक माझ्या हातात देऊन कानात सांगायचा, "ही डावीकडं मारतीया बारक्या. फुग्याच्या उजव्या कडंला धर." मी धरायचो. फुगा फुटायचा. फुगेवाला पुढं पुढं आम्हाला लांबून बघितलं तरी आठ्या घालायचा. बंदुकीतलं दादानं सांगितलं की विषय संपला, ही सवय मला तेव्हापासूनची.

चाळिशी ओलांडल्यावर मी नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागलो. क्लबाची रेंज साताऱ्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. रविवारी पहाटे सांगलीहून निघायचं, वाटेत गावात दादाला गाडीत घ्यायचं आणि उन्हं चढायच्या आत रेंजवर पोचायचं. आधी छर्‍याची रायफल झाली, मग लांबचं मारावंसं वाटू लागलं आणि पॉइंट टू टू रायफलीच्या परवान्याचा अर्ज केला. पोलीस आमच्या गल्लीत येऊन शेजाऱ्यांना विचारून गेले की हा माणूस भांडखोर आहे का. बायको म्हणाली, शेजाऱ्यांनी खरं सांगितलं असतं तर कुठला मिळाला असता परवाना.

मिळाला, रायफलही आली, आणि तिथवर येता येता खिसा रिकामा झाला. राहिली दुर्बीण. क्लबात तिला स्कोप म्हणतात, आमच्या घरी दुर्बीण. क्लबातले जुनेजाणते सांगायचे की रायफलीला घातले तेवढेच पैसे दुर्बिणीला घाल. सांगायला काय जातंय? मला परवडेल त्यातच काहीतरी बरं बघायचं होतं आणि तेही लवकर, कारण त्या वर्षी क्लबातून चौघांना राज्याच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेला पाठवणार होते. दसऱ्यानंतरच्या रविवारी निवड होती. मला त्या चौघांत बसायचं होतं. इतक्या वर्षांत मी कशासाठीच इतका हट्टाला पेटलो नव्हतो.

दादा म्हणाला, "साताऱ्यात माझा पलटणीतला सोबती हाय, खेळाच्या सामानाचं दुकान काढलंय त्यानं. आपला माणूस हाय. चल."

सोबत्यानं चहा मागवला आणि आमच्या ऐपतीतल्या दोन दुर्बिणी काढून काउंटरवर ठेवल्या. एक भली लांब, पुढची काच पेल्याच्या तोंडाएवढी, चोवीस पटीपर्यंत मोठं करून दाखवणारी, नेम धरायच्या आतल्या फुलीला लाल आणि हिरवा असे दोन दिवे. दुसरी बुटकी, कायमची दहा पट, दिवा नाही की काही नाही. दादानं मोठी उचलली, दाराशी गेला आणि अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरवर रोखली.

"टावरचं नट मोजता येत्यात गड्या," तो तिथूनच म्हणाला. "हीच घ्यायची."

मीही बघितलं. अर्ध्याच्या वर पट वाढवली की चित्र दुधाळ व्हायचं, टॉवरच्या कडेला जांभळी किनार यायची आणि डोळा केसभर हलला की सगळा काळोख. ज्याला नीट दिसत नाही त्याला अक्षर मोठं करून दिलं तर मोठं पुसट अक्षर दिसतं, हे मी दुकानात रोज बघतो. शिवाय लांबच्या नेमात दुर्बिणीचं निम्मं काम तिच्यावरच्या चकतीचं असतं. गोळी लांब जाता जाता खाली येते, म्हणून चकती फिरवून फुली तेवढी सरकवायची. आणि चकती मागं आणली की फुली बरोबर पहिल्या जागी यायला पाहिजे. नाही आली तर ती दुर्बीण मग चोवीस पट असो नाहीतर शंभर पट, काय कामाची?

मी सोबत्याकडून बुटाचं एक रिकामं खोकं मागून घेतलं. त्याच्या दोन बाजूंना खाचा कापल्या, हलू नये म्हणून आत दोन डंबेल ठेवली आणि मोठी दुर्बीण खाचांत बसवली. फुली टॉवरच्या एका कोपऱ्यावर धरली, चकती दोन फेरे वर नेली, दोन फेरे खाली आणली. फुली कोपऱ्यावर आली नाही. परत केलं, परत तेच. मग बुटकी ठेवली. ती दरवेळी शहाण्या म्हशीसारखी आपल्या दावणीला येऊन उभी राहिली.

"दादा, तुझी ही परत जागेवर येत न्हाई," मी म्हणालो. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, पण मी आपला खोक्यात गुंतलेला.

सोबती वाकून बघून आला आणि हसला. "तुझ्या भावाला तुझ्यापरास जास्त कळतंय की रं," तो दादाला म्हणाला.

दादाही हसला. "आमच्या वक्ताला खोकी कापून बघायला कुणाला येळ हुता?" एवढंच बोलला. मी बुटकी घेतली. परतीच्या वाटेवर दादा खिडकीतून बाहेर बघत बसला होता आणि मी त्याला दुर्बिणीच्या भिंगांबद्दल तासभर व्याख्यान दिलं.

दुर्बीण रायफलीवर बसते ती दोन कड्यांनी. कड्यांचे वरचे स्क्रू दुर्बिणीला धरतात आणि खालचे नट त्या कड्या रायफलीच्या पाठीवरच्या पट्टीला आवळतात. घरी मी सगळं नीट आवळलं आणि वरच्या स्क्रूंवर बायकोच्या नेलपॉलिशचा एकेक टिपका दिला. स्क्रू जरा जरी फिरला तर टिपक्याला तडा जातो, लगेच कळतं. खालच्या नटांना टिपके दिले नाहीत. बाटली संपत आली होती आणि बायको बघत होती. तशीही ती रायफल माझ्याशिवाय कोण हाताळणार होतं?

पुढच्या रविवारी रेंजवर झिरो केली, म्हणजे गोळी आणि फुली एका जागी आणली. मग शंभर मीटरवर मारलेल्या पाच गोळ्या एका बिस्किटाखाली झाकतील अशा बसल्या. दादा माझ्या मागं बसून क्लबाच्या तिपाईवरच्या दुर्बिणीतून टार्गेट बघत होता. "बरं हाय," म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप, म्हणून मी खूश होतो.

खंडेनवमीला मी रायफल घेऊन गावी गेलो. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं झाडून सगळं लोखंड पूजेला बसतं. कोयते, खुरपी, नांगराचा फाळ, विहिरीवरची मोटर, ट्रॅक्टर आणि दादाची परवान्याची बारा बोअर. यंदा माझी रायफल पण पाटावर बसवायची असं वयनीचं, म्हणजे दादाच्या बायकोचं, आधीपासून ठरलेलं. मी रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा खटका, काढून खिशात टाकला, रायफल दादाच्या स्वाधीन केली आणि बायकोला आणायला कराडच्या स्टँडवर गेलो. तिची एसटी रखडली. आम्ही घरी पोचलो तेव्हा पूजा उरकली होती. रायफलीच्या दस्त्यावर हळदीकुंकवाची बोटं, नळीवर झेंडूचा हार आणि दुर्बिणीच्या काचा लख्ख. दुधाचा नाही की कुंकवाचा नाही, एकही शिंतोडा नव्हता. एवढी काळजी घेतली म्हणून मला फार बरं वाटलं. तसं मी वयनीला बोलूनही दाखवलं. ती नुसती हसली.

त्या रविवारी निवडीला दादा माझ्या मागंच बसला होता. चाचणीच्या गोळ्यांतच घोळ सुरू झाला. एक उजवीकडं गेली, मी फुली सरकवली, तर पुढची डावीकडं वर. परत सरकवली, तर तिसरी भलतीकडं. वारा नव्हता. मी श्वास सांभाळला, बोट सांभाळलं, गालफड दस्त्यावर होतं तिथंच ठेवलं. दादा मागून सांगत होता, "उजवी... डावी, वर... खाली." एका सुरात सांगत होता. मोजायच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मला घाम फुटला होता आणि त्या संपायच्या आतच मला कळलं होतं की आपण चौघांत नाही.

उठल्यावर पहिल्यांदा वरच्या स्क्रूंकडं बघितलं. नेलपॉलिशचे टिपके जसेच्या तसे होते. म्हणजे दुर्बीण बाहेरून हललेली नव्हती. मग बिघाड आतच असणार. तरीही चहाच्या टपरीवर मी दादाला विचारलंच, "दादा, घरी पूजंच्या वक्ताला हिला कुणी हात लावला हुता का?"

त्यानं बिस्कीट चहात बुडवलं. "न्हाई. कोण लावतंय?" आणि ते खाऊन झाल्यावर म्हणाला, "स्वस्तातलं दुखणं असंच असतंय. मी दाखवली ती घ्यायची हुतीस."

मी घरी जाऊन रागाच्या भरात खालचे नट सोडवले आणि दुर्बीण उतरवून टाकली. ते नट सोडवताना जे काही दिसायला पाहिजे होतं, ते मी बघितलंच नाही. दादा न्हाई म्हणाला होता.

क्लबात वाईच्या एक जनावरांच्या डॉक्टर येतात, नव्यानेच लांबचं मारायला लागलेल्या. ही बिघडलेली आहे, शिकण्यापुरती वापरा, असं बजावून मी ती बुटकी त्यांना देऊन टाकली आणि साताऱ्याच्या सोबत्याकडून दादाची चोवीस पट आणली. दादा त्या दिवशी फार खुशीत होता. सणावाराला चार पाहुणे जमले की तो गोष्ट सांगायचा, भावानं बुटाचं खोकं कापून दुर्बीण कशी पारखली आणि ती कशी फसली. लोक हसायचे, मीही हसायचो. काही महिन्यांनी डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, हिच्यात काहीच बिघाड नाही. कुठं ठेवली तिथं राहते." मला वाटलं बाई मनाच्या मोठ्या आहेत, आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगतात.

चोवीस पटीनं माझं काही भलं झालं नाही. पण आता दोष द्यायला दुर्बीण उरली नव्हती, म्हणून मी तो स्वतःला दिला. आपल्याला काचेतलं कळतं हा आपला भ्रम होता, असं वाटायला लागलं. दुकानात मी दिलेला नंबर मलाच पटेना. तयार चष्मा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी तीनतीनदा मशीनवर धरून बघायचो. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, काय हो, डोळे बिघडले का तुमचे?

वर्ष फिरून पुन्हा खंडेनवमी आली. या खेपेला मी कुठं गेलो नाही, पाटासमोरच बसलो होतो. दादा चिंधीनं कोयते पुसत होता. वयनी ताम्हण घेऊन आली, रायफलीकडं बघितलं आणि दादाला म्हणाली, "आवं, दुर्बीण काढून ठिवा की गेल्या वर्षीवानी. काचंवर कुंकू उडंल."

दादाचा कोयत्यावरचा हात थांबला. मला लगेच उमगलं नाही. मग उमगलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं.

"वयनी, गेल्या वर्षी दुर्बीण काढली हुती व्हय?" मी विचारलं.

"काढली हुती की. तुमी स्टँडावर गेला हुता तवा. ह्यांनीच खालचं नट सोडवून काढली, पूजा झाल्यावर ह्यांनीच बसवली." ती भाबडेपणानं सांगत होती. "मीच म्हणलं, भावजींची महागाची वस्तू हाय, दूध बसलं तर डाग ऱ्हाईल."

म्हणजे कडी पट्टीवर तिरकी बसली होती आणि गोळीगणिक थोडी थोडी हलत होती. वरच्या टिपक्यांना कशाला तडा जाईल? पूजा होईपर्यंत मी बसून राहिलो. नारळ फुटला, प्रसाद झाला. मग दादाला परड्यात नेलं.

"दादा, त्या रविवारी चहा पिताना मी तुला इचारलं हुतं."

"व्हय."

"तू न्हाई म्हणालास."

"चाचणीच्या तिसऱ्या गोळीलाच मला कळलं हुतं," तो म्हणाला. "खालनं कडी हलतीया म्हणून. तितंच दोन मिनटं थांबून आवळली असती तर झालं असतं."

हे मी विचारलं नव्हतं. हे त्यानं आपणहून सांगितलं, आणि कशाला सांगितलं असं मला आजही वाटतं.

"मग का न्हाई सांगितलंस?"

"सोबत्याच्या दुकानात चार माणसांत माझी काय किंमत केलीस तू? म्हणलं, बघू दे जरा." मग आवाज खाली आला. "आता गावात मला कोण काय इचारतंय, बारक्या? भरतीची पोरं मोबाइलवर बघून शिकत्यात. बंदुकीचं तेवढं तू इचारायचास. तू बी खोकं कापाय लागलास. तुजं खरं ठरलं असतं, मग माझ्याकडं काय ऱ्हायलं असतं?"

बायको म्हणते, तेव्हा तुम्हाला त्याची दया यायला हवी होती. मला नाही आली. काच जपायला त्यानं दुर्बीण काढली, बसवताना चुकली, याचा मला राग नाही. माझ्याही हातून चुकली असती. पण जत्रेतल्या बंदुकीचा दोष एका छर्‍यात ओळखून माझ्या कानात सांगणारा हा माणूस माझ्या पाठीशी बसून होता, माझी प्रत्येक गोळी वाया जाताना बघत होता, उजवी-डावी सांगत होता आणि मूग गिळून गप्प राहिला होता. त्यावर वर्षभर माझी गोष्ट करून पाहुण्यांना सांगत होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी ओरडलो नाही. परड्यातून सरळ घरात आलो आणि दुर्बीण न काढताच रायफल पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं दिलं, त्याच्या पाया पडलो. घरादारासमोर ते करावंच लागतं. त्यानं नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला. हात तोच होता, पण कधी एकदा उठतो असं मला झालं होतं.

डॉक्टरबाई त्या वर्षी चौघांत निवडल्या गेल्या. बुटक्या दुर्बिणीनंच. मी त्यांचं अभिनंदन केलं, त्यांनी मला पेढा दिला आणि परत एकदा विचारलं की ही खरंच नको का तुम्हाला. नको म्हणालो. दिलेली वस्तू कुठल्या तोंडानं मागायची? दादाला आता मी रेंजवर नेत नाही. गावाच्या फाट्यावरून गाडी सरळ पुढं जाते.

दिवाळी झाल्यावर दादा दरवर्षी नंबर तपासायला सांगलीला येतो. यंदा येणार नाही असं मला वाटलं होतं, पण तो आला. वयनीनं दिलेला फराळाचा डबा काउंटरवर ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसला. पाठ ताठ, हात मांड्यांवर, फौजेतल्यासारखा. मी त्याच्या डोळ्यांवर फ्रेम चढवली, एक डोळा झाकला, भिंग घातलं, बदललं.

"हे स्पष्ट दिसतं का ते?"

"ते. दुसरं."

इतकी वर्षं मी असं उत्तर आलं की आकडा लिहून पुढं जात होतो. त्या दिवशी लिहिला नाही. मी ते भिंग काढलं, बदलल्यासारखं केलं आणि तेच भिंग पुन्हा घातलं.

"आणि आता?"

दादानं भिंतीवरच्या अक्षरांकडं नीट बघितलं. "आता बी त्येच की. काय बदललं न्हाईस तू." मग त्या जड फ्रेममधून त्यानं एक डोळा माझ्याकडं वळवला. "मला तपासून बघतुयास व्हय रं?"

"न्हाई," मी म्हणालो आणि पुढचं भिंग उचललं.